मुलीसाठी फुलाचं, पण सहसा न ऐकलेलं नाव कोणतं ठेवावं?

सायली, जुई, प्राजक्ता आता वर्गात दोन-दोन सापडतात. जुईच हवी असेल तर तिचं संस्कृत नाव यूथिका घ्या. फूल तेच, नाव मात्र क्वचित ऐकू येणारं. अतसी म्हणजे जवस, नाजूक निळं फूल. उच्चारायला सोपं असूनही कुणी ठेवत कसं नाही, कोण जाणे! माझी पहिली पसंती मात्र बकुळ: फुलं सुकली तरी वास जात नाही. मुलगा झाला तर किंशुक, म्हणजे पळस.

सुंदर वाटलं तरी कण्हेर टाळा, झाड विषारी आहे. नाव आडनावासकट मोठ्याने हाक मारून पाहा. रोमन लिपीत यूथिकाची दोन-तीन स्पेलिंगं होतात, तेव्हा जन्मदाखल्याआधीच एक पक्कं करा.