वसाबीही मोहरीसारखी चढू द्या

प्रश्न: ताई, माझा भाचा बोटीवर असतो. गणपतीला आला तेव्हा जपानहून वसाबीच्या (तिकडच्या एका झणझणीत कंदाच्या) पावडरीचा डबा घेऊन आला. मी ती वाटाण्याच्या उसळीत मसाल्याबरोबर परतली, तर तिची चवच लागेना. दुसऱ्या दिवशी पाण्यात कालवून बोटावर चाखली, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी! घरी सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. त्यांना मऊ, साधं लागतं, पण हल्ली 'तोंडाला चव नाही' म्हणतात. वसाबी आणि हिरवे वाटाणे घालून सोपं काय करता येईल? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: तुमची उसळ बिघडली नाही, वसाबी वाया गेली एवढंच. आपण तिला मिरचीच्या रांगेत बसवतो तिथेच चुकतं. ती मोहरीच्या कुळातली आहे. फोडणीत मोहरी तडतडते, पण नाकात जाते का? आणि तीच मोहरी माझी आई कैरीच्या लोणच्यासाठी पाणी घालून फेसायची, तेव्हा माजघरात बसलेल्यांनाही ठसका लागायचा. मोहरीचा दाणा फुटून त्याला पाणी लागलं की त्यातला एन्झाइम नावाचा एक घटक कामाला लागतो आणि मग तो झणका तयार होतो. उष्णतेने तो घटक मरतो, आणि तयार झालेला झणकाही वाफेबरोबर उडून जातो. वसाबीचं अगदी तसंच. म्हणून ती कढईत कधीच घालायची नाही.

डब्यावर काय लिहिलंय ते भाच्याकडून वाचून घ्या. खरी वसाबी थंड, वाहत्या पाण्यात, सावलीत वाढते, तयार व्हायला दीड-दोन वर्षं घेते आणि महाग असते. बहुतेक डब्यांत हॉर्सरॅडिश नावाचं पांढरं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. त्यात वाईट काही नाही, पण घरात कुणाला मोहरी सोसत नसेल तर हे देऊ नका.

आता कालवायचं कसं? एक चमचा पावडर, जवळजवळ तेवढंच गार पाणी. घट्ट कालवून वाटी ताटलीवर उपडी घाला आणि दहा मिनिटं हात लावू नका. आई म्हणायची, 'मोहरी चढू दे.' तेच इथेही. लिंबू किंवा दही चढल्यावरच, कारण आंबट आधी पडलं तर ती नीट चढत नाही. लागेल तेवढीच कालवा. तासाभराने ती मवाळ होते.

सासूबाईंसाठी वाटाण्याची पेज करा. अर्धी वाटी उकडे तांदूळ सहा वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजू द्या. दाणा बोटाने चेपला जाईल इतका मऊ झाला की एक वाटी वाटाणे घाला. ताजे असोत वा फ्रोझन, पाच-सात मिनिटं पुरे; झाकण ठेवू नका, म्हणजे हिरवेपणा टिकतो. त्यातले निम्मे डावाच्या पाठीने पातेल्यातच चेपा, पेजेला त्यांचा गोडवा येतो. मीठ घालून गॅस बंद करा आणि मग अर्धी वाटी नारळाचं दाट दूध घाला. ते उकळलं तर फुटतं.

वसाबी पेजेत ढवळायची नाही. दोन चमचे घट्ट गोड दह्यात मोहरीच्या चार दाण्यांएवढी कालवा आणि लोणचं वाढतो तशी ताटात डावीकडे वाढा. पेजेचा घास, त्यावर बोटाचं टोक बुडेल इतकं दही. मिरची जिभेवर बसून राहते. ही नाकातून सरळ वर जाते आणि क्षणात ओसरते, त्यामुळे पुढचा घास पुन्हा गोड लागतो. माझ्या सासऱ्यांचं शेवटच्या वर्षी जेवण फार कमी झालं होतं. फेसलेल्या मोहरीची केळ्याची कोशिंबीर असली की मात्र ते वाटीभर पेज जेवत. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा हेच सुचलं. पहिल्या दिवशी मात्र अगदी कमी द्या आणि आधी सांगून द्या. म्हातारपणी ठसका लागणं बरं नाही.

घरातल्या बाकीच्यांसाठी भरीत. दोन वाट्या वाटाणे वाफवून पूर्ण गार करा, भरडसर चेपा, दही, ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर, आणि शेवटी पाव चमचा कालवलेली वसाबी. वरून फोडणी नको. गरम आंबोळीबरोबर हे इतकं छान लागतं की आमच्याकडे चटणीची आठवण कुणी काढत नाही.

प्रश्न: ताजा मटार आमच्याकडे घाटावरून येतो, तो थंडीतच स्वस्त मिळतो. सुके हिरवे वाटाणे चालतील? — एक वाचक, दापोली

उत्तर: पेजेला नकोत, सालं तोंडात येतात. पण कुरकुरीत खायला तेच हवेत. रात्रभर भिजवा, अख्खे राहतील असे शिजवा, फडक्यावर दोन-तीन तास पसरून कोरडे करा आणि चमचाभर तेलावर लोखंडी कढईत मंद आचेवर भाजत राहा. वेळ लागतो, घाई केली तर आतून चिवट राहतात. कोमट झाले की मीठ आणि वसाबीची कोरडी पावडर भुरभुरवा. इथे पाणी लागत नाही. ती तोंडातल्या ओलाव्याने चढते. पावसाळी हवेत मात्र लगेच डब्यात भरा.