धातूंचं क्षपण करणारी पटलप्रथिनं कॅन्सरवर इलाज ठरतील का? तोवर लोह बंद करावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, पेशीपटलातली 'स्टीप' कुळातली प्रथिनं लोह-तांब्याचं क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देतात, तर त्यांच्यावर बेतलेली प्रोस्टेट कॅन्सरची औषधं कधी मिळतील? दोन, तोवर वडिलांच्या ताटातलं लोह तोडावं का? दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यावरून आमच्या घरात अबोला झाला होता.

आमच्या बाबांनाही प्रोस्टेटच. हार्मोनचं इंजेक्शन चालू, त्यात जुनी मूळव्याध. हिमोग्लोबिन आठवर आलं, फेरिटिन, म्हणजे साठ्यातल्या लोहाचं माप, तळाला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आमचे दाजी निवृत्त इंजिनिअर, वाचन दांडगं. त्यांनी कुठेतरी वाचलं की ही स्टीप प्रथिनं फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं फेरस रूप करून कॅन्सरच्या पेशीला पुरवतात. झालं! गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याखालच्या खणात गेली. पालकाची भाजी केली की बाबांच्या ताटातली वाटी दाजी स्वतः उचलायचे. आणि रोज सकाळी उपाशीपोटी तांब्याच्या भांड्यातलं पाणी मात्र चालू! मी म्हटलं, "दाजी, स्टीप-२, ३ आणि ४ तांब्याचंही क्षपण करतात. तेवढं वाचायचं राहिलं का?" तर म्हणाले, "तुमचं सगळं पुस्तकी." मी जैवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वाक्य मला फार लागलं. तिकडे बाबा जिना चढताना मधेच पायरीवर बसायला लागले होते. शेवटी डॉक्टरांनीच दाजींना समोर बसवून सुनावलं, तेव्हा पाकिटं खणातून बाहेर आली.

गंमत बघा. दाजी ज्याला घाबरले ते स्टीप-३ हे तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींचं रोजचं हत्यार आहे. ट्रान्सफेरिन या रक्तातल्या वाहक प्रथिनावर बसून लोह पेशीत येतं ते फेरिक रूपात. स्टीप-३ त्याला एक इलेक्ट्रॉन देतं, मग फेरस झालेलं लोह डीएमटी-१ या वाहकातून पेशीद्रवात उतरतं आणि हिमोग्लोबिनच्या कामी येतं. ज्या उंदरांमध्ये हे जनुक नव्हतं त्यांना ॲनिमिया होता, आणि त्यावरूनच २००५ साली स्टीप-३ चं हे काम उघड झालं. म्हणजे ताटातलं लोह तोडलं की पहिली उपासमार गाठीची नाही, तांबड्या पेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेची.

आता औषधं. सगळा गाजावाजा आहे तो स्टीप-१ चा. हे १९९९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या नमुन्यांत सापडलं. प्रोस्टेटच्या गाठींवर भरपूर असतं, निरोगी अवयवांवर बरंच कमी. पण भावंडांकडे एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) धरणारा जो भाग असतो, तो याच्याकडे नाहीच, त्यामुळे एकट्याच्या बळावर क्षपण करण्यात हा लंगडा. आणि औषधांना त्याच्या क्षपणाशी देणंघेणंही नाही. त्यांच्या लेखी स्टीप-१ ही दारावरची पाटी: घर इथं आहे, आत शिरा.

पहिला प्रयत्न म्हणजे अँटीबॉडीला विष जोडून पाठवणं. काही जणांचं पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) उतरलं, पण विषाचा त्रास पाहता ते औषध पुढे गेलं नाही. सध्या नाव आहे झालुरिटामिगचं. याचे दोन हात स्टीप-१ ला धरतात आणि एक हात टी-पेशीवरच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवरच्या) सीडी-३ या प्रथिनाला, म्हणजे आपलीच टी-पेशी ओढून गाठीवर घालायची. पहिल्या टप्प्यात, बाकीचे उपचार थकलेल्या ९७ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचं पीएसए अर्ध्याने किंवा त्याहून जास्त उतरलं. पण ७२ टक्क्यांना सायटोकाइनचा झटका आला, म्हणजे प्रतिकारशक्ती एकदम भडकली: ताप, थंडी, रक्तदाब खाली. बहुतेकांचा सौम्य होता, तरी हे घरी बसून घ्यायचं औषध नव्हे. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली आहे. स्टीप-१ वर नेम धरणाऱ्या कार-टी पेशींवरही (प्रयोगशाळेत बदल करून कॅन्सरवर सोडलेल्या टी-पेशी) काम चाललंय. कधी मिळेल याची तारीख जो छातीठोकपणे सांगेल, त्याला आधी दाराबाहेर काढा.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची केमो अजून झालेली नाही. मग आज या औषधामागे धावण्यात अर्थ नाही, कारण तिसऱ्या टप्प्याची पहिली चाचणी केमो होऊन गेलेल्यांसाठी आहे. हाताशी असलेले उपचार आधी पुरते वापरा.

हो, एक राहिलं. जास्तीच्या लोहावर कॅन्सरच्या पेशी पोसतात, असं दाखवणारे प्रयोग आहेत, ते मी नाकारत नाही. म्हणून फेरिटिन न तपासता आपल्या मनाने गोळ्या सुरू करणं हाही तितकाच आगाऊपणा. तपासणी करा, डॉक्टर म्हणतील ते द्या. पालक खाऊ द्या त्यांना. आणि तुमच्याकडेही कुणी दाजी असतील, तर गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या ताब्यात ठेवा.