डर्बीचं टायमिंग कसं वाचायचं?

फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी ही घोड्यांची शर्यत झाली, की सीमाभागातल्या वाचकांकडून टायमिंगबद्दल विचारणा सुरू होते. त्यातले काही प्रश्न.

निपाणी : समजा, यंदाचा विजेता २४०० मीटर २ मिनिटं ३१ सेकंदांत आला आणि मागचा २ मिनिटं ३० सेकंदांत. मग यंदाचा घोडा कमी दमाचा का?

तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. आधी त्या दिवशी ट्रॅक किती जड, म्हणजे घोड्यांना मंद करणारा होता ते काढा, घोड्याचा आकडा नंतर. त्यासाठी प्रत्येक अंतराच्या आणि क्लासच्या (घोड्यांच्या दर्जानुसार केलेल्या गटाच्या) नेहमीच्या टायमिंगची यादी हवी. दोन-तीन सीझनच्या निकालांवरून ती घरीच तयार होते.

समजा, १२०० मीटरला नेहमी ७०.५ सेकंद लागतात आणि त्या दिवशी ७१.१ लागले. फरक ०.६, म्हणजे दर १०० मीटरला ०.०५. त्याच दिवशीच्या पाच-सहा रेसचे असे फरक क्रमाने मांडा आणि मधला धरा. सरासरी काढू नका. एखादी रेस रेंगाळत पळवली गेली असेल, तर ती एकटी सगळा हिशेब नासवते. मधला फरक ०.०५ आला, तर २४०० ला १.२ सेकंद. ते १५१ मधून वजा केले की उरले १४९.८. मागच्या वर्षीचा ट्रॅक नेहमीसारखा असेल, तर यंदाचाच घोडा ०.२ सेकंदाने सरस!

पुण्याच्या पावसाळी सीझनमध्ये मध्येच सर आली, तर आधीच्या आणि नंतरच्या रेसचा हिशेब वेगळा ठेवा.

चिकोडी : साडेतीन लेंग्थ मागे आलेल्या घोड्याचं टायमिंग कसं काढायचं?

एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण २.४ मीटर. १५० सेकंदांत २४०० मीटर, म्हणजे सेकंदाला १६ मीटर, लेंग्थला ०.१५ सेकंद. साडेतीनला जेमतेम अर्धा सेकंद. काही जण अजून लेंग्थला ०.२ धरतात, त्यात मागचे घोडे विनाकारण मंद ठरतात. फार मागे पडलेल्याच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. हरलेल्या घोड्याला जॉकी शेवटी जोरात पळवणं सोडून देतो.

खानापूर : डर्बीचं टायमिंग मंद आलं, पण तेच घोडे पुढे जिंकत राहिले, असं का होतं?

पेस, म्हणजे रेसच्या कुठल्या टप्प्यात किती वेग ठेवला ते. लांब रेसमध्ये बरेचदा सगळे जॉकी सुरुवातीला लगाम आवळून बसतात आणि शेवटच्या ६०० मीटरला सोडतात. एकूण १५० सेकंद असतील, तर ६०० मीटरची सरासरी ३७.५. शेवटचे ६०० समजा ३५.५ सेकंदांत झाले, ३७.५ भागिले ३५.५, म्हणजे शेवटचा वेग सरासरीच्या जवळपास १०६ टक्के. शंभराच्या इतकं वर गेलं की एकूण टायमिंग बाजूला ठेवायचं. अशा रेसमध्ये मागून येऊन अंतर तोडणारा घोडा आकड्यापेक्षा मोठा असतो. वळणावर बाहेरून पळालेल्यालाही थोडी सूट द्या.

बेळगाव, शहापूर : मुंबई आणि बेंगळुरूची टायमिंग एकत्र लावता येतात का?

सरळ नाही. दोन्हींच्या याद्या वेगळ्या करा, मग दोन्हीकडे पळालेल्या घोड्यांवरून दोन याद्यांतला फरक बसवा. अमेरिकेतल्या १९७३ च्या बेलमाँट शर्यतीतले सेक्रेटॅरिएट या घोड्याचे २ मिनिटं २४ सेकंद आपल्या डर्बीपुढे ठेवणं तर व्यर्थच. तिथला ट्रॅक मातीचा, इथला गवताचा.

अथणी : जत्रेतल्या घोडागाडी शर्यतीला हे लागू पडेल?

नाही. तिथे अंतर दर वर्षी तेच नसतं आणि नेहमीच्या टायमिंगची यादीही नसते. एकाच दिवशी, त्याच मैदानावर, स्टॉपवॉच एकाच माणसाच्या हातात असेल, तर गटागटांची तुलना तेवढी करता येते.