सीजे-६ चा विमा: आधी ब्रोकर नक्की करा, मग अर्ज

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की नानचांग सीजे-६ हे जुनं चिनी लष्करी प्रशिक्षण विमान पसंत केलंय, विसार देऊन झालाय आणि तीन ब्रोकरांकडे एकदमच विचारणा केलीत. दोघांनी "या विमानाला कंपन्या तयार नाहीत" म्हणून हात वर केले आणि तिसरा फोनच उचलत नाही. माझंही विमान सीजे-६ च आहे आणि ते घेताना मीही याच कचाट्यात सापडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मी विमा एजंट नाही, वकीलही नाही. माझं विमान अमेरिकेत नोंदलेलं आहे, तेव्हा पुढचं सगळं तिथल्या पद्धतीचं. हल (खुद्द विमानाच्या नुकसानीचा विमा) आणि लायबिलिटी (इतरांच्या नुकसानीचा) हे तुम्हाला ठाऊक असणार, त्याच्या खोलात जात नाही.

पहिली गोष्ट, चौथ्या ब्रोकरला फोन करू नका.

जुन्या लष्करी विमानांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या मुळात मोजक्या. तुमच्या नावाचा अर्ज एखाद्या ब्रोकरकडून त्यांच्याकडे गेला की त्या विमानापुरता तोच तुमचा ब्रोकर, अशी नोंद होते. दुसऱ्याने त्याच विमानासाठी कोटेशन मागितलं तर अंडररायटर, म्हणजे विमा घ्यायचा की नाही हे ठरवणारा कंपनीचा माणूस, सांगतो की हे प्रकरण आमच्याकडे आधीच आलंय. गाडीच्या विम्याला आपण चार ठिकाणी भाव विचारतो. इथे तसं केलं की भाव मिळत नाहीतच, वर वाटा बंद होतात. आणि पहिल्याने अर्धवट अर्ज पाठवला असेल, तर त्या अर्जाला मिळालेला नकार तुमच्या नावावर लागतो.

माझ्या बाबतीत हे ज्या कार्यालयाने केलं त्याचं नाव घेत नाही. घराचा, गाडीचा आणि आधीच्या सेसनाचा विमा तिथलाच होता, माणसं ओळखीची होती. त्यांच्या फॉर्मवर विमानाच्या प्रकारासाठी दोनच पर्याय होते, स्टँडर्ड आणि एक्सपेरिमेंटल. सीजे-६ ला एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) जे प्रमाणपत्र देते ते 'एक्सपेरिमेंटल - एक्झिबिशन'. त्यांनी नुसतं एक्सपेरिमेंटल निवडलं आणि पुढच्या रकान्यात 'होमबिल्ट' टाकलं. बांधणाऱ्याचं नाव रिकामं. 'चाकं आत घेता येतात का' यासमोर 'नाही'. चाकं आत घेता येणाऱ्या विमानांवरचे माझे तास दुसऱ्या पानावर होते, ते पान जोडलंच नव्हतं.

आता अंडररायटरच्या खुर्चीत बसून हा कागद वाचा. घरी बांधलेलं विमान, बांधणारा अज्ञात, २८५ अश्वशक्तीचं चिनी रेडियल इंजिन, वैमानिकाचा अनुभव कोरा. तो नाही म्हणणारच. चीनच्या हवाई दलाने ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक घडवले, ते कारखान्यात बनलेलं प्रशिक्षण विमान त्याच्यासमोर गेलंच नव्हतं.

हे मला कळलं फार उशिरा, कारण ते कार्यालय ताकास तूर लागू देत नव्हतं. विचारलं की "काम चालू आहे". अर्जाची प्रत मागितली तर "ती अंतर्गत असते". हे साफ चुकीचं आहे. अर्ज तुमच्या नावाने जातो, खाली सही तुमची असते, प्रत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घोंगडं भिजत राहिलं, उडायचा हंगाम गेला, विमान विक्रेत्याच्या हँगरमध्ये अडकलं आणि भाडं माझ्या खिशातून.

पण त्याहून मोठा फटका वेगळाच. बहुतेक प्रपोजल फॉर्मवर एक प्रश्न असतो: यापूर्वी कोणत्याही कंपनीने तुमचा विमा नाकारला, रद्द केला किंवा नूतनीकरण टाळलं आहे का? मला तिथे 'होय' लिहावं लागतं आणि सोबत खुलाशाचं पान जोडावं लागतं. 'नाही' लिहून मोकळं व्हावं असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. क्लेमच्या वेळी ते एक खोटं उत्तर सगळी पॉलिसी बुडवू शकतं. त्या कार्यालयाचं यात काही गेलं नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

तुमच्यापुढचा मार्ग असा. तिघांनाही लेखी विचारा की अर्ज कुठल्या कुठल्या कंपन्यांकडे, कुठल्या तारखेला गेला, आणि प्रती मागा. कदाचित एकानेच खरोखर पाठवला असेल आणि बाकीच्यांना त्यामुळेच दार बंद मिळालं असेल. मग सीजे-६, याक-५२ असली विमानं रोज हाताळणारा एकच ब्रोकर निवडा. तो शोधायला रेड स्टार पायलट्स असोसिएशन किंवा ईएए वॉरबर्ड्स ऑफ अमेरिका या असली विमानं उडवणाऱ्यांच्या संघटनांमधल्या मालकांना विचारा, जाहिराती बघून ठरवू नका. तो ठरला की 'ब्रोकर ऑफ रेकॉर्ड'चं पत्र द्या. एका पानाचं असतं: तुमचं नाव, विमानाचा नोंदणी क्रमांक, आजपासून माझ्या वतीने अमुकच बोलतील, सही. कंपनी जुन्या ब्रोकरला कळवते, काही दिवस थांबते आणि प्रकरण नव्याकडे देते. अर्जासोबत स्वतः बनवलेलं एक पान पाठवाच. त्यात एकूण तास, चाकं आत घेणाऱ्या विमानांवरचे तास, गेल्या १२ महिन्यांतले तास, सीजे-६ वर कोण शिकवणार, विमान कुठे ठेवणार, आणि सोबत एफएएच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सची (विमान उडवण्यावरच्या अटींची) प्रत. शिक्षकाचं नाव आधीच ठरलेलं दिसलं की अंडररायटरचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

विमानाची किंमत लिहिताना प्रीमियम वाचवायला ती कमी लिहू नका. माझं हे मत ठाम आहे. समजा विमान १०० चं आहे आणि तुम्ही ६० लिहिलेत. चाकं बाहेर काढायला विसरून तसेच उतरलात, प्रोपेलर वाकला, इंजिन उघडून तपासावं लागणार, दुरुस्तीचा अंदाज ४५. तुम्हाला वाटेल, ४५ तर ६० च्या आत आहे. कंपनी मात्र पाहते की मोडकं विमान जसंच्या तसं विकलं तर ४० येतील. ६० देऊन ४० वसूल केले तर तिला २० चाच खर्च. ती विमान 'टोटल' ठरवते, ६० तुमच्या हातावर ठेवते आणि विमान घेऊन जाते, डेटा प्लेट (विमानाची ओळखपट्टी) आणि लॉगबुकांसकट. पुढे दुसराच कुणी ते दुरुस्त करून उडवतो. म्हणून अ‍ॅग्रीड व्हॅल्यू (पॉलिसीत ठरवून लिहिलेली विमानाची किंमत) खरी लिहा आणि दर वर्षी तपासा. सुटे भाग, जादा इंजिन, हँगरमधली साधनं हे सहसा यात धरलेलं नसतं, वेगळं विचारा.

लायबिलिटीत ठळक आकडा १० लाख डॉलरचा असतो आणि खाली बारीक अक्षरात 'प्रति प्रवासी १ लाख'. मागच्या सीटवर कुणाला बसवणार असाल तर ती ओळ नीट वाचा. आणि पैसे घेऊन कुणाला फिरवायचा विचार असेल तर तो आताच सोडा. २ ऑक्टोबर २०१९ ला ब्रॅडली विमानतळावर कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-१७ हे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर कोसळलं, सात जण गेले. मार्च २०२० मध्ये एफएएने त्या संस्थेची पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली. १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या एअर शोमध्ये बी-१७ आणि पी-६३ या लढाऊ विमानाची टक्कर झाली, सहा जण गेले. असलं काही घडल्यावर अंडररायटर प्रवासी, एअर शो आणि फॉर्मेशनबद्दल (विमानं एकमेकांजवळ जुळवून उडवण्याबद्दल) खोदून विचारणार, आणि ते योग्यच आहे. फॉर्मेशन करणार असाल तर तसं लिहून द्या आणि फास्ट या संस्थेचं फॉर्मेशन उड्डाणाचं कार्ड काढा.

युरोपात कुणी वाचत असेल तर तिथे थर्ड पार्टी विम्याची किमान रक्कम कायद्याने विमानाच्या कमाल वजनावर ठरते: १,००० ते २,७०० किलोच्या आत ३० लाख एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), त्यापुढे ६,००० च्या आत ७० लाख. सीजे-६ पहिल्या गटात बसतं, स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान दुसऱ्या.

विक्रेत्याच्या पॉलिसीवर विसंबू नका. मालकी बदलली की ती तुमच्या उपयोगाची नाही. नव्या पॉलिसीचा बाइंडर (पॉलिसी येईपर्यंतचा विमा चालू असल्याचा कागद) लेखी हातात आल्याशिवाय उरलेले पैसे पाठवू नका. विमान आणायला फेरी पायलट ठेवणार असाल तर त्याचं नाव बाइंडरवर हवं. 'ओपन पायलट' कलमात (पॉलिसीत नाव नसलेल्या, पण ठरलेले तास असलेल्या वैमानिकाला उडवू देणाऱ्या) त्याचे तास बसतात म्हणून तो सुरक्षित आहे असं समजू नका. त्या कलमाने तुम्हाला संरक्षण मिळतं, त्याला नाही. नुकसान झालं तर कंपनी तुम्हाला पैसे देऊन तीच रक्कम त्याच्याकडून वसूल करायला जाऊ शकते. त्याच्यासाठी आणि शिकवणाऱ्यासाठी 'वेव्हर ऑफ सब्रोगेशन', म्हणजे अशी वसुली करणार नाही ही कंपनीची लेखी कबुली, मागा. बाइंडर बनतानाच मागितलं तर काम सोपं जातं.