लिनक्सला स्कॅनर दिसतो, पण वापरता येत नाही

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील जुन्या नोंदवह्या स्कॅन करण्यासाठी डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली असलेला संगणक आणि यूएसबीचा फ्लॅटबेड स्कॅनर ठेवला आहे. संगणकाला मॉनिटर नाही. मी लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमार्गे दुरून, लॉगिन करून काम करते. ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कमांड दिली तर स्कॅन होते, एरवी एकही स्कॅनर सापडला नाही असा संदेश येतो. ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ड्रायव्हरला हात लावू नका. ‘सुडो’ने स्कॅन होते, याचा अर्थ केबल, स्कॅनर आणि लिनक्सवर स्कॅनर चालवणारी ‘सेन’ ही प्रणाली, तिन्ही ठीक आहेत. अडचण परवानगीची आहे आणि ती आपल्या एसएसएचने काम करण्याच्या पद्धतीतून आली आहे.

स्कॅनर जोडताच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्यासाठी एक डिव्हाइस फाइल तयार करतो. तिची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याकडे, असते. जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या ‘यूडेव्ह’ या प्रोग्रामचे नियम स्कॅनरचा उत्पादक क्रमांक आणि मॉडेल क्रमांक ओळखून त्या फाइलवर दोन प्रकारे परवानगी देतात : एक, त्या संगणकासमोर बसून लॉगिन केलेल्या व्यक्तीला, दुसरी, ‘स्कॅनर’ नावाच्या गटातील सर्वांना. आपण दुरून लॉगिन करत असल्यामुळे पहिली सवलत आपल्याला मिळत नाही, आणि ‘स्कॅनर’ गटात आपले नाव बहुधा घातलेले नसावे. परवानगी नाकारली गेली की ‘सेन’ तसे स्पष्ट न सांगता स्कॅनरच नसल्याचे कळवते. त्यामुळेच अनेकांचा वेळ ड्रायव्हर शोधण्यात वाया जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खात्री करून घ्यायची असेल तर यूएसबीला जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्या. यादीत स्कॅनरसमोर बस 001, डिव्हाइस 004 असे दिसले, तर ‘डेव्ह’, त्यात ‘बस’, त्यात ‘यूएसबी’ आणि त्यात ‘001’ या फोल्डरांतील ‘004’ ही त्याची फाइल होय. तिच्यावर परवानग्या दाखवणारी ‘गेटफॅकल’ कमांड चालवली की ‘स्कॅनर’ गटासमोर वाचन आणि लेखनाची अक्षरे दिसतील. त्यानंतर गटात नाव घालण्यासाठी ‘सुडो अ‍ॅडयूजर’, पुढे आपले यूजरनेम आणि शेवटी ‘स्कॅनर’, अशी कमांड द्या. त्याऐवजी ‘यूजरमॉड’ ही कमांड वापरणार असाल तर मोठ्या ‘जी’आधी लहान ‘ए’ विसरू नका. तो राहिला तर आपले नाव ‘सुडो’सह इतर पूरक गटांतून निघून जाईल. गटाचा बदल नव्या लॉगिनलाच लागू होतो, म्हणून एसएसएचचे सत्र बंद करून पुन्हा उघडा. लॉगआउट केल्यावरही टर्मिनलचे सत्र चालू ठेवणारा ‘टीमक्स’ वापरत असाल तर तेही पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावे लागेल, कारण आधीपासून चालू असलेल्या सत्रात जुनेच गट राहतात.

स्कॅनरच्या डिव्हाइस फाइलवर ‘सीएचमॉड 666’ चालवण्याचा, म्हणजे ती सर्वांना वाचन-लेखनासाठी खुली करण्याचा, सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो मी देणार नाही. केबल काढून पुन्हा जोडली की स्कॅनरला नवा क्रमांक आणि नवी फाइल मिळते, त्यामुळे तो उपाय तिथेच संपतो; शिवाय तोवर त्या संगणकावरील कोणत्याही प्रोग्रामला स्कॅनर खुला राहतो.

‘सुडो’ने बॅच पद्धतीने, म्हणजे एका कमांडमध्ये अनेक पाने, आधी स्कॅन केलेल्या पानांच्या फाइल रूटच्या मालकीच्या झाल्या असतील. नावे बदलण्यापूर्वी किंवा पाने कातरण्यापूर्वी ‘सीएचओन’ या कमांडने त्यांची मालकी आपल्या नावावर करून घ्या.