बागेत जाऊन बोलायचं तरी काय?

दोघांनीच एखाद्या सार्वजनिक बागेत किंवा निसर्ग केंद्रात फिरून या, असं मी समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना सुचवते, तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो. सिनेमाला गेलं की निदान पडद्याकडे बघता येतं. बागेत मात्र तासभर दोघंच, आणि बोलणं तर कधीचंच आटलेलं. ही धास्ती खरी असते, म्हणून ती मी कधी उडवून लावत नाही.

एका जोडप्याचा अनुभव सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). लग्नाला बरीच वर्षं झालेली. भांडणं नव्हती, पण बोलणं म्हणजे बिलं, मुलांचा अभ्यास आणि उद्या गाडी कोण नेणार एवढंच. "हे काय वय आहे का आमचं बागेत फिरायचं?" तो म्हणाला. ती गप्प राहिली, पण तिच्या गप्प राहण्यात मला नकार दिसला नाही.

दोघं जाऊन आले आणि पुढच्या सत्राला तोंडं पाडून बसले. "काही उपयोग झाला नाही, मॅडम." मग मी बारीकसारीक विचारत गेले. पुढे कोण चालत होतं? थांबलात कुठे? सकाळची वेळ होती. फुलपाखरांसाठी राखलेल्या कोपऱ्यात एक फुलपाखरू पानावर पंख सपाट पसरून निपचित बसलं होतं. ती म्हणाली, "अहो, हे बघा ना, मेलंय का हो?" तो "हं" म्हणाला आणि पुढे निघाला, कारण त्याला बागेची पूर्ण फेरी मारायची होती. नंतर शेवटपर्यंत ती त्याच्या दोन पावलं मागेच चालत राहिली.

सगळं बिनसलं ते त्या "हं"पाशी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी एकमेकांच्या अशा, "हे बघा ना"सारख्या छोट्या हाकांना शंभरातून सुमारे ८६ वेळा प्रतिसाद दिला होता; घटस्फोट झालेल्यांनी ३३ वेळा. मी हे सांगितलं, तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग तिच्याकडे वळून विचारलं, "मेलेलं होतं का गं ते?"

"नाही. तुम्ही पुढे गेलात ना, तेव्हा मी पाटी वाचली. सकाळी त्यांचं अंग गार असतं. ऊन खाऊन तापल्याशिवाय उडताच येत नाही त्यांना."

पुढच्या खेपेसाठी मी फार काही सांगितलं नाही. ज्याची चाल हळू, त्याच्या चालीनं चाला. फेरी अर्धी राहिली तरी चालेल. दुसऱ्यानं काही दाखवलं तर थांबा आणि त्याबद्दल एक तरी प्रश्न विचारा. बिलं आणि अभ्यास घरीच ठेवा. सुरुवात फारच अवघड वाटली, तर निसर्ग केंद्रातला माहितगार सोबत असलेली फेरी घ्या. आधी तो बोलतो, मग तुम्हाला बोलायला विषय मिळतो.

बागेतली शांतता भरून काढावी लागत नाही, हे मात्र मी आवर्जून सांगते. रेचल आणि स्टीफन कॅप्लान या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की हलती पानं, पाणी, पाखरं यांकडे लक्ष आपसूक जातं आणि कामानं थकलेल्या मनाला विसावा मिळतो. शिवाय शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर भिडवावी लागत नाही, त्यामुळे जड विषय तोंडून निघणं सोपं जातं. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे मात्र मी हा सल्ला देत नाही. तिथे आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं, आणि मी दोघांशी वेगवेगळं बोलते.

या दोघांच्या बाबतीत जड विषय बराच उशिरा निघाला. तळ्याकाठच्या बाकावर त्यानं सांगून टाकलं की बढती हुकली होती, आणि कित्येक महिने त्यानं ते घरी लपवलं होतं. ती चिडली, रडली, दोघं तिथेच भांडले. सत्रात हे सांगताना दोघंही एकमेकांना मध्येच तोडत होते, "थांब, ते मी सांगतो" म्हणत, आणि त्या दिवशी मला फारसं काही विचारावं लागलं नाही.