वाद वकिलासारखा, वागणं मात्र भलतंच

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे. घरातल्या प्रत्येक नियमावर वाद घालतो, मुद्देही बिनतोड असतात. पण मित्रांत गेला की अक्कल गहाण टाकतो. असं का?

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. साधारण 11-12 व्या वर्षापासून मूल ‘समजा असं झालं तर?’ या अंगाने विचार करू लागतं, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडलं. त्यांचा लंबकाचा प्रयोग घरी करून पाहा. दोरा, दोन वेगळी वजनं आणि एकच प्रश्न : एका झोक्याला लागणारा वेळ कशावर ठरतो? लहान मूल लांबी आणि वजन एकदमच बदलतं आणि ‘वजनामुळे’ असं ठोकून देतं. विचार पक्का झालेला मुलगा वजन तेच ठेवून फक्त लांबी बदलतो, 10 झोक्यांचा वेळ मोजतो, मग उलट करून बघतो. (उत्तर लांबी, झोका मात्र छोटा ठेवा.) कित्येक मोठी माणसंही इथे घसरतात म्हणा!

शांतपणे विचार करायला मिळाला तर 16 च्या सुमारास मुलांचा तर्क मोठ्यांच्या जवळपास पोहोचतो. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि मित्र बघत असले की धोका पत्करण्याकडे कल वाढतो. तेव्हा ‘अक्कल नाही का?’ विचारून उपयोग नाही. निर्णय आधीच ठरवून घ्या : प्यायलेला मित्र गाडीवर बस म्हणाला, तर नेमकं काय बोलायचं? ते वाक्य त्यालाच सुचू द्या. आणि वादात त्याचा मुद्दा खरंच बिनतोड असेल, तर नियम बदला.